पुठ्ठ्याची नळी

केंद्र सरकारच्या कारकुनाला गोष्ट सांगता येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. दहाबारा वर्षे टिप्पण्या लिहिल्यावर त्याच्या तोंडून 'एक होता राजा' इतके सरळ वाक्य बाहेर पडणे कठीण. 'विषयांकित राजा हा सदर नगरीत वास्तव्यास असून' अशाच थाटाचे काहीतरी निघावयाचे. असे असता रायपुरातल्या आम्हा बदलीवाल्या मराठी मंडळींनी मुलांसाठी रविवारचा मराठी वर्ग काढावयाचे ठरविले, तेव्हा गोष्टी सांगण्याचे काम नेमके आमच्याकडे आले. कारण एवढेच, की त्या बैठकीला आम्ही उशिरा पोहोचलो. हिशेब ठेवणे, सतरंज्या आणणे, पालकांना फोन करणे ही सोपी कामे तोवर वाटली गेली होती.

वर्गाला जागा मिळाली ती पंडरीत, आमच्या बिऱ्हाडापासून दोन गल्ल्यांवर. ज्यांनी रायपूर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगावयाचे, तर पंडरी म्हणजे कापडाचा बाजार. छत्तीसगढच्या खेड्यापाड्यांतले दुकानदार लग्नसराईच्या तोंडावर येथे येऊन गाठोडी बांधून नेतात. अशाच एका व्यापाऱ्याने आपल्या दुकानावरची माळ्याची खोली रविवारच्या सकाळपुरती आम्हांस मोकळी करून दिली. खोलीत नव्या कापडाचा खळीचा वास, एक पंखा, आणि कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या नळ्यांचा ढीग. ताग्यावरचे कापड संपले की आतली नळी उरते. तिचे काय करावे हे कोणासच ठाऊक नसते, म्हणून ती माळ्यावर जाते. या नळ्या वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात.

मुले चौदा. सहा ते अकरा वर्षांची. कोणाचे वडील रेल्वेत, कोणाचे टपालखात्यात, कोणाची आई आयकरात. जन्मगाव एक, बालवाडी दुसऱ्या गावी, पहिली तिसऱ्या गावी, असा बहुतेकांचा प्रवास. त्यांची मराठीही त्याच गाडीने आलेली. 'काका, मी पाणी पिऊन घेतलं आहे', 'माझ्याजवळ पेन्सिल नाही आहे', 'मला झोप लागून राहिली आहे'. या शेवटच्या वाक्याचा अनुभव आम्हांस पहिल्याच रविवारी आला. त्या दिवशी आम्ही शिवाजीमहाराजांच्या आग्र्याहून सुटकेची कथा घेतली होती. सन १६६६, औरंगजेबाचा दरबार, पुरंदरचा तह, सारी पार्श्वभूमी आम्ही यथासांग मांडली. परिणामी महाराज पेटाऱ्यातून आग्र्याबाहेर पडण्याआधीच आमचे तीन श्रोते दाराबाहेर पडले होते. आमची स्वतःची सहा वर्षे सात महिने वयाची कन्या सतरंजीचे दोरे उसकीत बसली होती.

घरी आल्यावर आम्ही पुस्तकांना शरण गेलो. पदवीधर मनुष्य पराभवानंतर हेच करतो. गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' आमच्याजवळ हिंदीत होते. भावनगरच्या या वकिलाने वकिली सोडली आणि १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले. आपल्या ताराबाई मोडक याच गिजुभाईंच्या सहकारी, आणि पुढे त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह १९४५ पासून बोर्डीला व नंतर कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्याची मुळे या भावनगरच्या अंगणात आहेत. 'दिवास्वप्न'मधला शिक्षक पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने मुलांना शांततेचा खेळ खेळावयास लावतो आणि सपशेल फसतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, आणि वर्ग त्याच्या हाती येतो. वाचून आम्हांस धीर आला. पण लगेच ध्यानात आले, की त्या शिक्षकाला निदान दुसऱ्या दिवशी तरी गोष्ट सांगता येत होती. आम्ही तर गोष्टीतच फसलो होतो.

ही कला आम्हांस शेवटी शिकविली ती आमच्या घरमालकांच्या मातोश्रींनी. त्यांना गल्लीतली सारी मुले 'डोकरी दाई' म्हणतात. छत्तीसगढीत आजीला असे म्हणतात. दिवेलागणीनंतर त्या जिन्याच्या पायरीवर बसून गोष्टी सांगतात, आणि आमची कन्या त्या मुलांत असते. एका रात्री आम्ही गच्चीवरून ऐकत होतो. दाईंनी दोन वाक्ये सांगितली आणि त्या थांबल्या. नुसत्या थांबल्या. मग म्हणाल्या, 'हुंकारू देबे, तभे कहानी कहिहौं.' हुंकार देशील तर गोष्ट पुढे. खालून सातआठ मुलांचा 'हूं' आला, आणि त्यात आमच्या कन्येचा सर्वांत मोठा होता. गोष्ट पुढे सरकली. पुन्हा थांबली. पुन्हा 'हूं'.

पंडवानी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे नवे नाही. तीजनबाईंसारखी कलावती तंबुरा उंचावून भीमाचे काम करीत असते, आणि शेजारचा रागी दर ओळीला हुंकारू देत, मध्येच प्रश्न विचारीत, तिला पुढे ढकलीत असतो. (तीजनबाईंना २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले, रागीला काय मिळते, हे कोणी विचारीत नाही.) आम्हांस त्या रात्री वाईट वाटले ते वेगळ्याच कारणाने. आपली मुलगी छत्तीसगढीतल्या गोष्टीला हुंकार देते आणि बापाच्या मराठी गोष्टीला देत नाही, ही गोष्ट परमुलखात राहणाऱ्या माणसाला सहज झोपू देत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही मराठी हुंकार कोणता, याचा विचार करून गेलो. तो 'मग?' आहे. मुलांना सांगितले, आम्ही थांबलो की सर्वांनी 'मग?' म्हणावयाचे, म्हटले नाही तर गोष्ट बंद. सुरुवातीला त्यांनी तो गोंधळ घालण्यासाठीच वापरला, परंतु तिसऱ्या-चौथ्या 'मग?'पासून आवाजातला खोटेपणा गेला. त्यांना खरोखरच पुढचे हवे होते.

त्यानंतर आम्ही धीट झालो. गोष्ट अर्ध्यावर सोडून मुलांकडून पुरी करून घेऊ लागलो. एक वाक्य एकाचे, दुसरे दुसऱ्याचे, अशी साखळी लावू लागलो. अशा साखळीत प्रत्येक राजाचा चौथ्या वाक्यात मृत्यू होतो आणि सहाव्यात तो भूत होऊन येतो, असा आमचा अनुभव आहे. एकदा आम्ही माधवराव सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' मराठीत सांगितली. माधवराव मराठी, त्यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले, पेंड्र्याहून १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' काढले, आणि त्यात १९०१ मध्ये आलेल्या या कथेला हिंदीतली पहिली लघुकथा मानणारे पुष्कळ आहेत. रायपुरात त्यांच्या नावाची शाळा आहे. आमच्या मंडळींपैकी निम्मे तिच्यावरून रोज जातात आणि सप्रे कोण, हे त्यांना ठाऊक नसते. असो. कथेत जमीनदार एका विधवेची झोपडी बळकावतो. तिची नात दुसऱ्या ठिकाणी जेवेना; आपल्या घरीच चल, तिथलीच भाकर खाईन, असा तिचा हट्ट. म्हणून म्हातारी त्या झोपडीतली टोपलीभर माती मागावयास येते; चूल घालीन, नात जेवेल. आणि टोपली उचलावयास हात लावा, असे जमीनदारालाच म्हणते. त्याला ती उचलवत नाही.

आम्हांस वाटले होते, मुलांना जमीनदाराची फजिती आवडेल. मुले नातीपाशीच थांबली. रेल्वेवाल्यांचा मुलगा म्हणाला, 'काका, आम्ही पण बिलासपूरची माती आणायला पाहिजे होती.' दुसरी म्हणाली, 'आमच्याकडे तर गॅस आहे.' त्यावर बराच वेळ चर्चा झाली, आणि गॅसच्या शेगडीखाली माती ठेवली तर चालेल, असा ठराव झाला.

मग आम्ही अँडरसनची राजाच्या नव्या कपड्यांची गोष्ट घेतली. ही १८३७ सालची डॅनिश कथा पंडरीत जितकी शोभते तितकी कोपनहेगनमध्येही शोभत नसावी. आमचे दोन ठक विणकर जुन्या बसस्थानकावर उतरले, चहा प्याले, आणि थेट कापडबाजारात शिरले. मूर्खाला दिसत नाही असे कापड! खाली दुकानांतून ऐकू येणाऱ्या घासाघिशीच्या जोरावर आम्ही ती अशी काही रंगविली, की शेवटी मिरवणुकीतला तो लहान मुलगा 'राजा नागडा आहे' म्हणाला तेव्हा माळ्यावरची चौदा मुले सतरंजीवर लोळली. आमची कन्याही. आम्ही अत्यंत प्रसन्न होऊन घरी आलो. दिनांक आम्हांस आठवतो, पण सांगत नाही. पुढच्या रविवारी जे झाले त्याची त्यामुळे अधिकच लाज वाटते.

गोष्टींच्या जोडीला आम्ही एव्हाना डोळ्यांच्या गमतीही सुरू केल्या होत्या. आमची पदवी विज्ञानाची आहे, आणि नोकरीत तिचा उपयोग फक्त अर्जातला रकाना भरण्यापुरता झाला आहे. तेव्हा ही हौस क्षम्य मानावी. पहिली गंमत पोपट आणि पिंजऱ्याची. जुन्या लग्नपत्रिकेचा रुपयाहून थोडा मोठा गोल कापावा, एका बाजूस पोपट काढावा, दुसऱ्या बाजूस उलटा पिंजरा, दोन्ही कडांना भोके पाडून रबराची कडी अडकवावी, आणि पीळ देऊन सोडावे. पोपट पिंजऱ्यात दिसतो. हे खेळणे १८२० नंतरच्या दशकात लंडनमध्ये विकले जात होते, आणि त्यातले तत्त्व तेच जे पुढे चित्रपटात आले: एक चित्र नजरेतून पुरते पुसले जाण्याआधी दुसरे येऊन त्यावर बसते. आपल्याकडेही या वेडाची परंपरा मोठी आहे. कल्याणचे महादेवराव पटवर्धन १८९२च्या सुमारास शांबरिक खरोलिका दाखवीत. म्हणजे काचेवर रंगविलेली चित्रे दिव्यापुढे सरकवीत पडद्यावर हालती करावयाची आणि सोबत कथा सांगावयाची. गोष्ट आणि दृष्टिभ्रम या दोहोंचे इतके सुखी लग्न दुसरीकडे क्वचितच झाले असेल. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'पूर्वी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचा चिमुकला चित्रपट केला होता, हे अनेकांस ठाऊक असते. या छंदापायी त्याआधी त्यांची दृष्टीच काही काळ गेली होती, आणि उपचारांनी ती परत आली, हे मात्र आम्ही त्या वेळी मुलांना सांगितले नाही. आम्हांस ते महत्त्वाचे वाटले नव्हते.

दुसरी गंमत फळ्यावरची. दोन सारख्या रेघा. एकीच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीच्या बाहेर. बाहेर वळलेली लांब दिसते. म्यूलर-लायर नावाच्या जर्मन गृहस्थाने १८८९ मध्ये ही प्रसिद्ध केली. मुलांनी सुतळीने मोजले, दोन्ही सारख्या. पुन्हा पाहिले, एक लांबच. मोजून झाल्यावरही डोळा आपला हट्ट सोडीत नाही, हेच तिचे खरे मर्म. टपालवाल्यांचा मुलगा गंभीरपणे म्हणाला, 'काका, सुतळी खोटी आहे.'

आता त्या रविवारकडे येतो. माळ्यावरच्या नळ्या आम्ही व्यापाऱ्यांच्या परवानगीने वीतवीतभर कापून आणल्या होत्या. उजव्या डोळ्याला नळी लावावयाची, दोन्ही डोळे उघडे ठेवावयाचे, आणि डावा तळहात नळीला चिकटवून डोळ्यापुढे धरावयाचा. तळहाताला आरपार गोल भोक पडल्यासारखे दिसते. एका डोळ्याला नळीतली खिडकी दिसते, दुसऱ्याला हात. मेंदू दोन्हींचे एकच चित्र करतो आणि हातात खिडकी बसवितो. आम्ही विचारले, 'दिसलं का भोक?' एकदम ओरडा झाला, 'दिसलं! दिसलं!' कोणी आपल्याच हाताकडे भिऊन पाहिले. कोणी भोकात बोट घालून पाहिले.

आमची कन्या म्हणाली, 'मला नाही दिसलं.'

आम्ही तिची नळी नीट धरली. ती म्हणाली, 'मला नुसता हात दिसतोय.' आम्ही हात सरकविला. पुन्हा तेच. मुले पाहू लागली. वर्ग चालविणाऱ्याचीच मुलगी अडून बसलेली. आम्हांस वाटले, लाडाने खोडी काढते आहे. कचेरीत वरच्याने सर्वांसमक्ष शेरा मारला की जो स्वर आमच्या घशात अडकतो, तो त्या दिवशी बाहेर पडला. 'सगळ्यांना दिसतं आणि तुलाच कसं दिसत नाही? नीट बघ!' तिने नीट पाहिले. तिसऱ्या वेळी तिचा आवाज लहान झाला, पण उत्तर तेच राहिले. चौथ्या वेळी ती म्हणाली, 'दिसलं.'

आम्ही म्हणालो, 'शाबास.'

घरी येताना ती आमचे बोट न धरता चालली. गल्लीच्या वळणावर उभ्या असलेल्या सायकलीला तिचा उजवा खांदा लागला. अशी ती नेहमीच लागावयाची. तिच्या आईने तिला 'धांदरट' ही पदवी कधीच बहाल केली होती. फुलपात्राच्या कडेबाहेर पाणी ओतणे, चेंडू झेलताना हात भलतीकडे जाणे, हेही त्याच खात्यात जमा होते. कारकुनाच्या घरात सगळ्या नोंदी होतात. त्या एकत्र कोणी वाचीत नाही, इतकेच.

मंगळवारी आम्ही कचेरीतून आलो तो ती खिडकीशी नळी घेऊन उभी. चोरून आणलेली होती. आम्हांस पाहताच तिने ती पाठीमागे लपविली. आम्ही काही बोललो नाही, बूट काढीत बसलो. मग ती आपणहून म्हणाली, 'बाबा, या डोळ्यानं गंमत होते.' तिने नळी डाव्या डोळ्याला लावली होती आणि उजवा हात पुढे धरला होता. 'काय गंमत?' 'हातच जातो. नुसती खिडकी राहते.' 'आणि त्या डोळ्यानं?' 'त्यानं खिडकीच नाही. नुसता हात.'

बूट हातातच राहिला. वाचकहो, आम्ही विज्ञानाचे पदवीधर आहोत हे वर सांगितलेच आहे. उजव्या डोळ्यापुढे नळी, तर फक्त हात. उजव्या डोळ्यापुढे हात, तर फक्त नळी. उजव्या डोळ्यापुढे काहीही धरा, ते कोणी पाहतच नव्हते.

भिंतीवर 'कालनिर्णय' होते. आम्ही तिचा डावा डोळा आपल्या तळहाताने झाकला आणि म्हटले, आजची तारीख वाच. तो मोठा ठळक आकडा. ती हसून म्हणाली, 'झाकल्यावर कसं वाचणार?' एक डोळा उघडा होता. तिच्या लेखी तो डोळा पाहण्यासाठी नव्हताच.

स्वयंपाकघरातून तिची आई आली. आम्ही सांगितले. तिने पुन्हा एकदा तपासून पाहिले, आणि मग मुलीला जवळ घेऊन आम्हांस म्हणाली, 'परवा राजाची गोष्ट तुम्हीच सांगितलीत ना?' त्यानंतर त्या विषयावर ती एक अक्षर बोललेली नाही, आणि बोलली असती तर बरे झाले असते.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे दुसऱ्याच दिवशी गेलो. त्यांनी थेंब घालून तपासले, आणि आमच्याशी बोलण्याआधी मुलीशी बोलल्या, याचे आम्हांस अजून कौतुक वाटते. डोळा आतून निरोगी होता. दोन्ही डोळ्यांच्या नंबरात मात्र मोठा फरक होता. डावा जवळजवळ निर्दोष, उजव्याला भारी नंबर. उजव्याचे चित्र लहानपणापासून धूसर, म्हणून मेंदूने ते घेणेच सोडून दिले आणि सारा कारभार डाव्यावर सोपविला. याला आळशी डोळा म्हणतात. शंभरात दोनतीन मुलांना असा असतो. डोळे सरळ दिसतात, मूल तक्रार करीत नाही. दोन डोळ्यांनी जग कसे दिसते हे त्याला ठाऊकच नसते, मग तक्रार कशाची करणार? सातआठ वर्षांपर्यंत मेंदूला वळण लागणे सोपे. पुढे ते कठीण होत जाते, अशक्यच होते असे मात्र नाही. 'तुमच्या लक्षात कसं आलं?' त्यांनी विचारले. आम्ही पुठ्ठ्याच्या नळीची हकिगत सांगितली. मात्र 'शाबास' गाळले. कन्येने ते भरून काढले. 'मी सांगितलं होतं,' ती म्हणाली, 'पण बाबांनी दिसलं म्हणायला लावलं.'

उपाय साधा आहे, आणि भयंकर आहे. चष्मा लावावयाचा, आणि रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवून वाईट डोळ्याकडून काम करून घ्यावयाचे: चित्रे रंगविणे, मणी ओवणे, जवळचे पाहणे. म्हणजे जे चांगले चालले आहे ते बंद करून मुलीला रोज दोन तास धुक्यात बसवावयाचे. पहिल्या आठवड्यात तिने चार पट्ट्या ओढून काढल्या, एक आमच्या जेवणात टाकली. रडत म्हणाली, 'मला आंधळी का करता?' या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर आम्हांस पाठ होते. ते दिले नाही.

मध्यंतरी रविवार आला. आम्ही माळ्यावर गेलो आणि झालेली सर्व हकिगत मुलांना सांगितली, गोष्टीसारखी नव्हे, झाली तशी. कोणी 'मग?' म्हणाले नाही. शेवटी आम्ही म्हटले, ती खरे बोलत होती आणि आम्ही चुकलो. थोडा वेळ पंख्याचाच आवाज होता. मग मागून आयकरवाल्या बाईंचा मुलगा, वर्गातला सर्वांत हुशार, हळूच म्हणाला, 'काका, मला पण दिसलं नव्हतं.' 'मग तू दिसलं का म्हणालास?' 'सगळे म्हणाले ना.' त्याच्यामागोमाग आणखी तीन हात वर झाले.

चौदांत पाच! आमचा जो जल्लोष झाला होता त्यातला तिसरा हिस्सा खोटा होता. आम्ही पुन्हा नळ्या वाटल्या, एकेकाला जवळ बोलाविले, आणि या वेळी 'दिसलं का?' असे न विचारता 'काय दिसतं?' असे विचारले. चौघांपैकी तिघांनी हात फार लांब धरला होता, चौथा एक डोळा मिटीत होता. सुधारल्यावर चौघांनाही भोक दिसले, आणि त्यांचे वर्णन इतके निरनिराळे होते की शंकेला जागा राहिली नाही. तरीही चौघांच्या पालकांना आम्ही तपासणी करून घ्यावयास सांगितले. 'दिसलं का?' या प्रश्नाला मूल शिक्षकाचे तोंड पाहून उत्तर देते. आमच्या साहेबांसमोर 'समजलं का?'ला आम्हीही तसेच देतो.

पट्टीच्या दोन तासांचा प्रश्न सोडविला तो मात्र डोकरी दाईंनी. त्यांनी स्वतःच्या एका डोळ्यावर पदर बांधला आणि म्हणाल्या, आता दोघी सारख्या. हरभऱ्यांतले खडे निवडीत त्या गोष्ट सांगतात. कन्या शेजारी बसून खडे शोधते आणि हुंकारू देते. डॉक्टरीणबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, यापेक्षा चांगले जवळचे काम मी तरी सुचविले नसते. एक तास दाईंचा, एक आमचा. आमच्या तासात 'मग?' येतो. पहिल्यासारखा मोठा नव्हे, पण येतो.

याच सुमारास कचेरीत बदल्यांचे वारे सुटले. आमचे नाव नागपूरच्या यादीत असल्याचे कळले. वाचकांपैकी जे परमुलखात आहेत त्यांना या वाक्याचे वजन सांगावयास नको. आठ वर्षे आम्ही या यादीची वाट पाहिली. आमच्या आईने तर दोनदा नवस केला आहे. डॉक्टरीणबाईंनी दर सहा-आठ आठवड्यांनी तपासावयास सांगितले आहे, निदान वर्षभर. नागपुरात डोळ्यांचे डॉक्टर नाहीत असे नव्हे. एकाहून एक आहेत. पण नवे गाव, नवी शाळा, नवा चष्मा, नवी पट्टी, आणि जिन्याची पायरी नाही, हे सारे एकदम तिच्यावर लादावे असे आम्हां दोघांनाही वाटेना. आम्ही अर्ज लिहिला: 'कौटुंबिक व वैद्यकीय कारणास्तव सदर कर्मचाऱ्यास आणखी एक वर्ष रायपूर येथेच ठेवण्याची कृपा व्हावी.' आस्थापना शाखेच्या बाबूंनी तो दोनदा वाचला. 'नागपूरसाठी नको, रायपूरसाठी? चुकून तर लिहिलं नाही ना?' त्यांनी हिंदीत विचारले. आम्ही नाही म्हटले. आईला अद्याप कळविलेले नाही.

चौथ्या महिन्यातल्या तपासणीत तक्त्यावरच्या दोन ओळी वाढल्या. त्या संध्याकाळी पट्टीच्या तासाला आम्ही एका लग्नपत्रिकेचा गोल कापून पोपट आणि पिंजरा काढला. भोकासारखे याला दोन डोळे लागत नाहीत. एकाच डोळ्याने हा खेळ होतो. डाव्यावर पट्टी, उजव्यावर जाड भिंग, अशी ती खिडकीत बसली. आम्ही रबराला पीळ दिला आणि गोल तिच्या हाती दिला. तिने तो सोडला. बराच वेळ ती काही बोलली नाही, आणि आम्हीही 'दिसलं का?' विचारले नाही.

पुन्हा पीळ दिला. पुन्हा सोडला.

'आत बसलाय,' ती म्हणाली. मग गोल डोळ्याजवळ नेऊन, थांबवून, दोन्ही बाजू उलटसुलट पाहून, 'पण बाबा, तुम्ही पिंजऱ्याला दारच काढलं नाहीत.'

आम्ही पाहिले. खरेच काढले नव्हते.